श्रूझबरीचा लेटन : दिवाळी अंकातल्या लेखाच्या प्रकल्प नोंदी

१४ जून

विषय ठरला. दिवाळी अंकात यंदा हौशी संशोधकांवर एक विभाग आहे, त्यासाठी दीर्घ चरित्रलेख द्यायचा आहे. मी नाव सुचवलं रेव्हरंड विल्यम ऑलपोर्ट लेटन. जन्म १८०५, मृत्यू १८८९. इंग्लंडातल्या श्रूझबरी गावचा पाद्री आणि ब्रिटनमधल्या शैवाकांवर जाडजूड ग्रंथ लिहिणारा माणूस.

संपादकबाई म्हणाल्या, "पाद्री आणि वनस्पतिशास्त्र म्हटलं की आपल्याकडे फादर ब्लाटर आहेत, फादर सांतापाव आहेत. ते सोडून हा कुठला काढलात?" रास्त प्रश्न आहे. पण ते दोघे जेझुइट, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले. पाठीशी कॉलेज होतं, विद्यार्थी होते, पुढे ब्लाटर यांच्या नावाचं हर्बेरियमही, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, झालं. लेटनजवळ यातलं काही नव्हतं. ना प्राध्यापकी, ना प्रयोगशाळा, ना सरकारी पगार. विभाग हौशी लोकांचा असेल तर खरा हौशी हाच.

दुसरा उमेदवार रेव्हरंड जेम्स क्रॉम्बी होता. तो स्कॉटलंडचा, शैवाकांचाच अभ्यासक आणि भांडायला पुढे. लेख चटकदार झाला असता. पण भांडणावर लेख उभा केला की माणूस बाजूला राहतो.

बाईंची अट एकच: "शैवाक म्हणजे काय ते पहिल्या पानावर कळू दे." म्हणजे दगडफुलापासून सुरुवात करावी लागेल. गोड्या मसाल्यातलं दगडफूल हे शैवाकच. बुरशी आणि शैवल यांनी मिळून बांधलेलं शरीर. बुरशी आसरा आणि ओलावा देते, शैवल उन्हात अन्न तयार करतं.

१७ जून

आयुष्याचा सांगाडा एका कागदावर उतरवला.

१८०५, १७ मे : श्रूझबरीत जन्म. वडील तिथलं टॅलबट हॉटेल चालवत. म्हणजे घोडागाड्या, प्रवासी, गजबज. दगडावरची खपली तासन्‌तास बघत बसणारा मुलगा अशा घरात जन्मला, ही गंमत आहे.

मग वकिलाच्या कचेरीत उमेदवारी. ती सोडून केंब्रिजला सेंट जॉन्स कॉलेज. १८३३ मध्ये बी.ए., वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. बरोबरीच्या मुलांपेक्षा बराच मोठा. तिथे हेन्स्लोची वनस्पतिशास्त्राची व्याख्यानं कानावर पडली आणि पुढची पन्नास वर्षं ठरून गेली. हेन्स्लो स्वतःही पाद्री. याच हेन्स्लोने चार्ल्स डार्विनला घडवलं, आणि डार्विनलाही घरचे पाद्रीच करायला निघाले होते. त्या काळात इंग्लंडात निसर्ग बघायला सवड आणि मान दोन्ही देणारा पेशा हाच होता, हे लेखात एकदाच, पण ठळक यायला हवं.

१८४१ : 'श्रॉपशायरची वनस्पतिसृष्टी', आपल्या जिल्ह्याचा फुलझाडांचा ग्रंथ.

१८४० च्या दशकात धर्मदीक्षा. श्रूझबरीतच काही वर्षं चर्चचं काम, मग तेही सोडलं आणि बिनफुलांच्या वनस्पतींकडे वळला. उरलेलं आयुष्य शैवाकं.

श्रूझबरी म्हटलं की पुण्यातल्या माणसाला आधी बिस्किटं आठवणार. कॅम्पातल्या बेकरीबाहेरच्या रांगेत उभं राहून घेतात ती श्रूजबेरी याच गावाच्या नावाची. इथे लेखाला एक फुकटचा दरवाजा मिळतो आहे, पण एका वाक्यापुरताच उघडायचा.

२२ जून

केसची शाळा. आजचा सगळा दिवस यात गेला आणि जायलाच हवा होता.

१८१७. श्रूझबरीत जॉर्ज केस नावाचा युनिटेरियन पंथाचा पाद्री लहान मुलांची शाळा चालवत असे. त्या वर्षी आठ वर्षांचा चार्ल्स डार्विन तिथे जाऊ लागला. लेटनही तिथेच होता, डार्विनपेक्षा जवळजवळ चार वर्षांनी मोठा.

दोघांच्याही आठवणीत या शाळेतला एकेक प्रसंग राहिला, आणि दोघांचे प्रसंग वेगळे आहेत.

डार्विनने म्हातारपणी, १८७६ साली, मुलांसाठी आत्मचरित्र लिहिलं. त्यात तो कबुली देतो की शाळेतल्या एका मुलाला त्याने थाप मारली होती: रंगीत पाणी घालून मी प्रिमरोझ आणि पॉलिअँथस यांची फुलं हव्या त्या रंगाची करू शकतो. असा प्रयोग त्याने कधीच केला नव्हता. तो मुलगा बहुधा लेटन असावा, जो पुढे शैवाकांचा नावाजलेला अभ्यासक झाला, असं डार्विनच लिहितो.

लेटनची आठवण फ्रान्सिस डार्विनने वडिलांच्या चरित्रात तळटीप म्हणून दिली आहे. डार्विन एकदा शाळेत एक फूल घेऊन आला. म्हणाला, फुलाच्या आत बघून झाडाचं नाव कसं ओळखायचं हे मला आईने शिकवलं आहे. लेटनचं कुतूहल चाळवलं. हे कसं करतात, म्हणून तो डार्विनला पुन्हा पुन्हा विचारत राहिला. आठ वर्षांच्या पोराला ते कुठून सांगता येणार?

डार्विनची आई सुझाना त्याच वर्षी जुलैत वारली. म्हणजे हे फूल तिच्या शेवटच्या महिन्यांतलं.

डार्विनवरच्या लिखाणात लेटन येतो तो बहुतेक इथेच, थाप खाल्लेला मुलगा म्हणून, आणि लगेच निघूनही जातो. मला हे उलटं करायचं आहे. थाप मारणारा त्या थापेनंतर वीस वर्षांनी कुठे होता हे जगाला माहीत आहे. ज्याने ती ऐकली, ज्याने "आत बघून नाव कसं कळतं?" असं पुन्हा पुन्हा विचारलं, त्याने त्या प्रश्नाचं काय केलं, हा माझा लेख.

ते चरित्र १८८७ साली प्रसिद्ध झालं. डार्विनला जाऊन पाच वर्षं झाली होती. लेटन तेव्हा ब्याऐंशी वर्षांचा, श्रूझबरीतच.

२५ जून

संपादकबाईंचा फोन. केसच्या शाळेचा भाग वाचून खूष, पण लगेच: "डार्विनचं नाव शीर्षकात घ्या, वाचक थांबेल." नाही घेणार. शीर्षकात डार्विन आला की लेटन पुन्हा तळटीपेत.

३० जून

श्रॉपशायरचा नकाशा भिंतीवर लावला. श्रूझबरी सेव्हर्न नदीच्या वळणात बसलेलं गाव. नदीने तीन बाजूंनी वेढलं आहे. दक्षिणेकडे टेकड्या: लाँगमिंड, स्टायपरस्टोन्स, कॅर कॅरॅडॉक. पूर्वेला रेकिन.

शैवाकांच्या माणसाला याहून चांगला जिल्हा मागता आला नसता, कारण दगड नाना तऱ्हेचे. रेकिन ज्वालामुखीच्या खडकाचा, स्टायपरस्टोन्स कठीण क्वार्ट्झाइटचा, आणि जवळच वेनलॉकला चुनखडीची लांबलचक धार. आम्लधर्मी खडकावर वाढणारी शैवाकं चुनखडीवर सहसा दिसत नाहीत, आणि चुनखडीवरची तिकडे जात नाहीत. सह्याद्रीत आपण बेसाल्टच बघत बसतो. इथे एका दिवसाच्या फेरीत खडकाची तीन-चार बिऱ्हाडं.

कॅर कॅरॅडॉक हे नाव भूविज्ञानातही आहे. ऑर्डोव्हिशियन कालखंडातल्या एका भागाला ते मिळालं, ते भूवैज्ञानिक मर्चिसनच्या कामामुळे. आणि एका शैवाकालाही ते आहे: 'कॅरॅडोसेन्सिस'. त्या नावामागे लेटन आहे. यावर स्वतंत्र नोंद करायची.

८ जुलै

आज बीजाणू, म्हणजे बुरशीचे बियांसारखे सूक्ष्म कण.

लेटनने शैवाकांकडे वळताना जो मार्ग धरला तो त्या काळी इंग्लंडात नवा होता. तोवर शैवाकं बाह्यरूपावरून ओळखत: रंग, पोत, कडा, फळाचा (म्हणजे बीजाणू धरणाऱ्या भागाचा) आकार. अडचण अशी की तेच शैवाक सावलीत एक दिसतं, उन्हात दुसरं. कोवळं एक, जून दुसरं. त्यामुळे नावांचा नुसता गुंता. युरोपात, विशेषतः इटलीत, दे नोतारिस आणि मॅसालाँगो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू बघून गट पाडायला सुरुवात केली होती. लेटनने ते ब्रिटिश शैवाकांना लावलं. १८५१ साली रे सोसायटीने त्याचं पुस्तक काढलं: बंद फळांची ब्रिटिश शैवाकं, त्यांच्या बीजाणूंवरून उलगडलेली. रे सोसायटी म्हणजे वर्गणी भरून ग्रंथ छापणारी मंडळी. वर्षाला एक गिनी द्यायची आणि पुस्तक घरी यायचं.

पद्धत वाचकाला दिसावी म्हणून कॉलेजच्या प्रयोगशाळेत करून बघितली. आंब्याच्या सालीवरचं एक ग्राफिस घेतलं. या गटाची फळं काळ्या रेघोट्यांसारखी असतात, कुणी झाडावर मोडीत काहीतरी खरडून ठेवावं तशी. थेंबभर पाण्याने फळ भिजवलं, मऊ होऊ दिलं. ब्लेडने आडवा काप घेतला, जितका पातळ जमेल तितका. काचपट्टीवर पाणी, वर आच्छादन काच. सूक्ष्मदर्शकाखाली उभ्या पिशव्या दिसू लागल्या आणि पिशव्यांत बीजाणू. बहुतेक शैवाकांच्या एका पिशवीत आठ बीजाणू असतात. ग्राफिसचे लांबट, आडव्या भिंतींनी कप्पे पाडलेले. रंगहीन आहेत की तपकिरी, कप्पे फक्त आडवे की उभेही, लांबी किती, यावरून प्रजाती वेगळ्या होतात.

हे सगळं लेटन करत होता तेव्हा विजेचा दिवा नाही. खिडकीतला उजेड, आरसा, वस्तरा. इंग्लंडातल्या हिवाळ्यात असा उजेड दिवसाचे किती तास मिळतो ते तिथे राहिलेल्यांना विचारा.

आणि मग २२ जूनची नोंद पुन्हा वाचली. आत बघून नाव कसं कळतं, हा बारा वर्षांच्या मुलाचा प्रश्न. चौतीस वर्षांनी त्याच मुलाने अख्खं पुस्तक काढलं, तेही आत बघून नाव ठरवण्याचंच; फक्त फुलाच्या जागी खपली आली. लेटनने स्वतः असा धागा जोडलेला नाही, मी जोडतो आहे, आणि तो लेखात माझ्या नावावरच राहील.

९ जुलै

पुढच्या पुस्तिकांची नोंद झटपट: १८५४ मध्ये ग्राफिसच्या कुळावर, १८५६ मध्ये अंबिलिकेरियावर. अंबिलिकेरिया म्हणजे एका नाभीने खडकाला चिकटलेली काळी, कातडी पानं. लेखात एक ओळ पुरे.

ग्राफिसचा धागा मात्र सोडवत नाही. पश्चिम घाटातल्या या कुळावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत डॉ. ऊर्मिला मखिजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरपूर काम केलं. त्याआधी तिथेच डॉ. पटवर्धनांनी शैवाकांच्या अभ्यासाचा पाया घातला. तिथेही प्रजाती वेगळ्या करताना बीजाणूंचे कप्पे मोजावेच लागतात. जोडीला रसायनं आली आहेत, इतकंच. इथे मराठी वाचक लेखात आपोआप येतो.

१८ जुलै

टपाल आणि सुकवलेले संच.

१८५१ ते १८६७ या काळात लेटनने ब्रिटिश शैवाकांच्या खऱ्या नमुन्यांचे तेरा संच काढले. हे आजच्या वाचकाला समजावणं अवघड आहे, कारण हे छापील पुस्तक नव्हे. प्रत्येक पानावर शैवाकाचा खरा तुकडा डकवलेला, खाली छापील चिठ्ठी: नाव, जागा. जितक्या प्रती काढायच्या तितके तुकडे एकाच ठिकाणाहून गोळा करायचे, तेही इतके सारखे की सगळ्या प्रतींत तेच शैवाक निघेल. खडकावरचं असेल तर छिन्नी-हातोडी घेऊन टेकडी चढायची आणि दगडाची कपची उडवायची.

उपयोग? वर्णन वाचून दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टी डोळ्यांपुढे आणतात. नमुना समोर असला की वाद मिटतो, निदान कमी होतो. लेटनचे संच ज्या संग्रहालयांत आहेत तिथे अभ्यासक आजही ते उघडून बघतात. खपलीतली रसायनं दशकानुदशकं टिकतात.

यामागे टपाल आहे. १८४० साली ब्रिटनमध्ये पेनी पोस्ट सुरू झालं. अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र देशात कुठेही एका पेनीत. शैवाक कोरडं, हलकं, कुजत नाही, घडी न पाडता लिफाफ्यात जातं. टपालासाठीच घडवल्यासारखं. १८४८ मध्ये श्रूझबरीला रेल्वेही आली. गाव न सोडता देशभरातून नमुने मागवायचे आणि पाठवायचे, हे शक्य झालं ते यामुळे.

त्याच्यासारखे पाद्री इतरही होते. ऑस्वेस्ट्रीकडचा थॉमस सॅल्वी. ट्वायक्रॉसचा अँड्र्यू ब्लॉक्सम, जो तरुणपणी एचएमएस ब्लॉन्ड जहाजावरून हवाईला जाऊन आला होता. त्या जहाजाने इंग्लंडात वारलेल्या हवाईच्या राजाराणीचे देह मायदेशी नेले. केंब्रिजचा चर्चिल बॅबिंग्टन, जो एकाच वेळी पुरातत्त्वाचा प्राध्यापक, सफोकमधल्या खेड्याचा धर्मगुरू आणि शैवाकांचा जाणकार होता. न्यूझीलंडच्या शैवाकांवर त्याने लिहिलं आहे. ब्लॉक्समवर वेगळा लेख होईल. इथे मोह आवरायचा.

२३ जुलै

छोटी पण महत्त्वाची भर. लिनियन सोसायटी या लंडनच्या निसर्ग अभ्यासकांच्या संस्थेच्या नियतकालिकात लेटनचा एक निबंध आहे: सिलोनची शैवाकं, थ्वेट्सने गोळा केलेली. थ्वेट्स पेरादेनियाच्या बागेचा प्रमुख. नमुने कँडीच्या डोंगरांतले, तपासणी श्रूझबरीच्या टेबलावर. श्रीलंका आणि आपला पश्चिम घाट यांची वनस्पतिसृष्टी जवळची, तेव्हा आपल्याकडच्या प्रजातींचे सगेसोयरे या माणसाच्या काचपट्टीवर येऊन गेले. नमुने वसाहतीतून येत आणि नावं विलायतेत ठरत, हेही त्याच परिच्छेदात लिहायचं. त्यासाठी लेटनला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायची गरज नाही. व्यवस्था सांगितली की पुरे.

४ ऑगस्ट

लेखाचा गाभा आज हाती आला.

१८६६ साली पॅरिसमध्ये राहणाऱ्या विल्यम नायलँडर या फिनिश अभ्यासकाने एक युक्ती जाहीर केली. शैवाकावर कॉस्टिक पोटॅशचा (एका तीव्र अल्कलीचा) थेंब टाका, किंवा ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा. काही प्रजाती पिवळ्या होतात, काही लाल, काहींना काहीच होत नाही. दिसायला जुळी असलेली शैवाकं एका थेंबात वेगळी. त्याच वर्षी त्याने पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या शैवाकांवरून हवा चांगली की वाईट हे सांगता येतं, असंही नोंदवलं. दोन्ही गोष्टी आज पाठ्यपुस्तकांत आहेत.

लेटन तेव्हा एकसष्ट वर्षांचा. या वयात माणसं आपली पद्धत सोडत नाहीत. याने लगेच बाटल्या मांडल्या. १८६७ मध्ये क्लॅडोनिया गटाची पोटॅशवर तपासणी करून फेरमांडणी केलेला त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. क्लॅडोनिया म्हणजे करड्या-हिरव्या देठांची, टोकाला पेले किंवा लाल बोंडं असलेली शैवाकं. रूप इतकं बदलतं की बाह्यरूपावर विसंबणारे तिथे हरत.

डार्विनने थाप मारली १८१७ मध्ये: रंगीत पाणी घातलं की फुलाचा रंग बदलतो. बरोबर पन्नास वर्षांनी थाप ऐकणारा मुलगा बाटलीतलं पाणी वनस्पतीवर टाकतो आणि रंग खरोखर बदलतो! फरक एवढाच की इथलं पाणी रंगीत नाही, रंग खपलीतच दडलेला असतो. अशी सांगड कथेत घातली असती तर संपादकबाईंनी "फार जुळवून आणलंत" म्हणून परत पाठवली असती.

प्रत्यक्ष करून बघितलं. वाण्याकडून दगडफुलाची पुडी आणली. आईने आधीच बजावलं, "त्यावर औषधं टाकणार असशील तर मसाल्याचं वेगळं काढून ठेव." काढून ठेवलं. बाजारातलं दगडफूल सहसा एकाच प्रजातीचं नसतं. पार्मोट्रेमा, एव्हर्निॲस्ट्रम असं मिसळलेलं येतं. वरची राखाडी साल ब्लेडने अलगद खरवडली की आत कापसासारखा पांढरा गाभा लागतो. थेंब गाभ्यावर टाकायचा.

रुंद पानांच्या एका तुकड्याच्या गाभ्यावर ब्लीचिंग पावडरच्या पाण्याचा थेंब: क्षणात लालभडक, आणि बघता बघता रंग उडालाही. लेकॅनोरिक आम्ल. पार्मोट्रेमा टिंक्टोरममध्ये ते भरपूर असतं. पट्टीसारख्या अरुंद तुकड्यावर पोटॅश: आधी पिवळा, मग हळूहळू रक्तासारखा लाल. ही सॅलॅझिनिक आम्लाची खूण. तिसऱ्या तुकड्यावर पोटॅशने पिवळा आणि मग नारिंगीकडे झुकणारा. हे पार्मोट्रेमा पर्लेटमच्या वर्णनाशी जुळतं. (पोटॅश त्वचा भाजतो, हातमोजे आणि चष्मा हवाच. हे वाक्य लेखात चौकटीत.)

ही आम्लं बुरशी तयार करते. कडक ऊन आणि कुरतडणारे कीटक यांच्यापासून बचावाला ती उपयोगी पडतात. रॉक्सेला या शैवाकापासून काढलेला लिटमस शाळेत सगळ्यांनी हाताळलेला असतो. वाचकाच्या ओळखीचं इतकं असताना शैवाकरसायनाला रुक्ष म्हणायचं कारण नाही.

५ ऑगस्ट

या थेंबांना विरोधही झाला. स्कॉटलंडचा डॉक्टर विल्यम लॉडर लिंडसे याने स्वतः ढीगभर प्रयोग करून सांगितलं की रंगावरून प्रजाती ठरवणं भरवशाचं नाही. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. रसायन बदललं म्हणून प्रजाती बदलली का, हा प्रश्न आजही सुटलेला नाही. आता त्यात डीएनए आला आहे. लेटनने थेंबाला नको इतका भाव दिला असं मला वाटतं. पण क्लॅडोनियात दुसरा इलाज तरी काय होता!

१३ ऑगस्ट

श्वेंडनरचा वाद लेखात किती घ्यायचा, हे ठरवलं: एक परिच्छेद.

१८६७ मध्ये स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेंडनर याने सांगितलं की शैवाक ही एक वनस्पती नाहीच. बुरशीने शैवलांना वेढून कामाला लावलेलं आहे. बुरशी मालक, शैवलं गुलाम. आयुष्यभर शैवाकांना स्वतंत्र राज्य मानून त्यात राहिलेल्यांना हे पचणं अशक्य होतं. नायलँडर अखेरपर्यंत विरोधात राहिला. आपल्या रेव्हरंड क्रॉम्बीने तर त्याची टर उडवली: बंदिवान शैवलकन्या आणि जुलमी बुरशीधनी यांचा हा अनैसर्गिक विवाह म्हणे. टोमणा फर्मास आहे. विज्ञान श्वेंडनरच्या बाजूने गेलं.

क्रॉम्बी लेखात पाहुणा म्हणून आला, तेवढाच ठेवायचा. नाहीतर तो घर बळकावेल.

२१ ऑगस्ट

मुख्य ग्रंथ. 'ग्रेट ब्रिटन, आयर्लंड आणि चॅनेल बेटांची शैवाकसृष्टी', १८७१. श्रूझबरीत, लेखकाच्या स्वतःच्या खर्चाने छापलेला. पुढच्याच वर्षी दुसरी आवृत्ती, १८७९ मध्ये तिसरी. प्रत्येक प्रजातीचं वर्णन, बीजाणू, पोटॅश आणि ब्लीचिंगचे निकाल, कुठे सापडलं. चित्रं नाहीत. वाचायला रुक्ष, पण तो वाचायचा ग्रंथ नव्हेच, टेबलावर उघडा ठेवायचा. शैवाकांसारख्या विषयाला नऊ वर्षांत तीन आवृत्त्या लागल्या, यावरून त्या वेळी हौशी मंडळी किती होती ते कळतं.

पैशाचा विषय इथेच घ्यायचा. चर्चचं काम सोडूनही घर चालत होतं आणि वर ग्रंथ छापता येत होता. हौशी हा शब्द आपण कौतुकाने वापरतो, पण त्या हौसेखाली ऐपत होती. ज्यांच्याकडे ती नव्हती, किंवा जे पुरुष नव्हते, त्यांचं काय, याचं उत्तर पुढच्या पिढीत मिळतं. क्रॉम्बीच्या ब्रिटिश शैवाकांवरच्या ग्रंथाचा पहिला भाग १८९४ मध्ये आला. तो १९०६ मध्ये वारला आणि दुसरा भाग १९११ साली पूर्ण केला ॲनी लोरेन स्मिथ यांनी. त्या ब्रिटिश म्युझियममध्ये वर्षानुवर्षं काम करत होत्या, पण बाई म्हणून अधिकृत नोकरी नाही. मेहनताना वेगळ्या निधीतून. १९२१ चं त्यांचं शैवाकांवरचं पुस्तक पुढे कित्येक वर्षं विद्यार्थ्यांचा आधार होतं. हा परिच्छेद कापायचा नाही, संपादकबाईंना आधीच सांगून ठेवलं. त्या म्हणाल्या, "तो कापायला सांगितलं तर मीच मला ओरडेन."

२९ ऑगस्ट

१८८९ ची नोंद करताना एक गोष्ट ध्यानात आली. चर्चिल बॅबिंग्टन गेला जानेवारीत. लेटन २८ फेब्रुवारीला, श्रूझबरीत. जुलैअखेर गेला माइल्स जोसेफ बर्कली, बुरशीशास्त्राचा मोठा माणूस, ज्याने आयर्लंडातल्या बटाट्याच्या रोगामागे बुरशी आहे हे १८४६ मध्ये ठामपणे मांडलं. तोही पाद्री. एका वर्षात तिघे. पुढे हे विषय विद्यापीठांच्या आणि संग्रहालयांच्या हातात गेले. ते या तिघांच्या जाण्याने झालं असं मुळीच नाही, वारं आधीच फिरलं होतं. पण चौकटीसाठी तीन नावं आणि तीन तारखा बोलक्या आहेत.

लेटनने उतारवयात श्रॉपशायरच्या जुन्या इतिहासातही लक्ष घातलं. १८७७ मध्ये निघालेल्या तिथल्या पुरातत्त्व संस्थेच्या कामात तो होता. पेशव्यांच्या दप्तरात आणि पक्षिनिरीक्षणात सारखेच रमणारे लोक आपल्याकडेही सापडतात, तेव्हा वाचकाला नवल वाटू नये.

त्याचा शैवाकसंग्रह लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात गेला. क्यूची शैवाकं पुढे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आली.

७ सप्टेंबर

मसुदा पाठवला. कॅरॅडोसेन्सिसची चौकट शेवटी लिहिली, कारण नावाची वाटचाल तपासायला वेळ लागला. लेटन-नायलँडरच्या काळात हे शैवाक लेसिडिया वंशात. तेव्हा काळ्या, गोल, बिनकाठाच्या फळांचं जवळपास सगळंच लेसिडियात टाकत. विसाव्या शतकात ते हायपोसेनोमायसी वंशात गेलं. २०१३ मध्ये डीएनएवरून तो वंशही एकजिनसी नाही असं दिसलं आणि त्याची रवानगी झायलोप्सोरामध्ये झाली. जुनं लाकूड आणि साल यांवर वाढणारी बारीक तपकिरी खवल्यांची प्रजाती. वंश बदलत गेला, टेकडीचं नाव टिकलं.

संपादकबाईंचं उत्तर संध्याकाळीच आलं. दोन सूचना. श्वेंडनरचा परिच्छेद दगडफुलाच्या व्याख्येजवळ आणा, नाहीतर वाचक तोवर विसरेल. मान्य. दुसरी: थेंबांचे फोटो रंगीत पानांवरच हवेत, आणि रंगीत पानं मोजकी आहेत. लाल झालेल्या टिंक्टोरमचा एक आणि सॅलॅझिनिकचे दोन, पिवळा आणि नंतरचा लाल, असे तीन फोटो मागितले आहेत. ब्लीचिंगचा लाल क्षणात उडतो, तेव्हा कॅमेरा तिकाटण्यावर आधी लावून मगच थेंब टाकायचा. ब्लीचिंग पावडरचं पाणीही त्याच दिवशी ताजं करायचं, शिळ्याने रंग येत नाही. आईकडून दगडफुलाची उरलेली अर्धी पुडी मागून घ्यायची आहे.